हिंदमाताचे पाणी आणि ‘समुद्राच्या सूडा’ची थाप

१/ दर पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाणी साचले की एक वाक्य हमखास फिरू लागते : ‘सात बेटे जोडली, आता समुद्र आपली जागा परत घेतो आहे.’ वाक्य भारदस्त आहे; पण इतिहास म्हणून ते आळशी आहे. शिवाय ज्यांना जाब विचारायला हवा त्यांना ते मोकळे सोडते.

२/ मुळात हिंदमाताला साचते ते पावसाचे पाणी. भोवतालच्या उंच भागांतून ते या बशीसारख्या खोलगट जागेत उतरते आणि भरतीच्या वेळी त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. समुद्र इथे चालून येत नाही. तो फक्त दार लावून घेतो.

३/ ही अडचण जुनीच आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८०च्या दशकाच्या आरंभी, तिथला बांध पुरा झाला. बांधाने भरती अडवली, जमीन मात्र उंच झाली नाही. कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्या पुढे अशाच सखल पट्ट्यावर भर घालून उभ्या राहिल्या.

४/ मग पावसाचे पाणी जाई कुठे? गिरगावात आणि आसपास फिरताना पाट्या वाचा : धोबीतलाव, सी. पी. टँक म्हणजेच कावसजी पटेल तलाव, गवालिया टँक, दोन टाकी, खेतवाडी. तलाव गेले, शेते गेली; नावे तेवढी उरली.

५/ १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि तलावांची गरज ओसरली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतील हिवतापावरचा अहवाल आला आणि विहिरी-तलाव बुजवण्याला जोर चढला. हिवताप खराच होता, हे मान्य करू. पण तळे पावसाचे पाणी थोपवणारी जागाही होती. ती हिशेबातून सुटली.

६/ ‘हे सारे इंग्रजांचे पाप’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. परळ-लालबागच्या गिरणगावात मोकळी जागा मिळवण्याची संधी स्वतंत्र भारतात आली होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा, ढोबळमानाने, एक तृतीयांश वाटा शहराला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता.

७/ २००१ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन वगळली गेली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. २६ जुलैच्या महापुराला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते.

८/ ‘मग हवामान बदल खोटा का?’ मुळीच नाही. अरबी समुद्र तापतो आहे, अतिवृष्टी वाढते आहे. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ मि.मी.देखील नाही. एका शहरात आभाळ इतके विषम असते. पडलेले पाणी कुठे थांबेल, हे मात्र जमीन ठरवते, आणि जमिनीचा वापर माणसे ठरवतात.

९/ भुर्दंड कोणाला? चाळीतल्या तळमजल्याच्या खोल्यांना, आणि केईएम व टाटा रुग्णालयांकडे परळच्या रस्त्यांवरून पाणी तुडवत निघालेल्या रुग्णांना. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर समुद्राचा सूड पोचत नाही!

१०/ आता हिंदमाताच्या पाण्यासाठी महापालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. ज्या शहराने तळी बुजवली, तेच आज मैदानाखाली तळी खोदते आहे. त्या टाक्यांना निदान मैदाने तरी उरली होती.

११/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना विनंती : ‘समुद्राचा सूड’ लिहिण्याआधी वर्ष विचारा, नियम वाचा, सही कोणाची होती ते शोधा. सूडाच्या गोष्टीत कोणी जबाबदार नसते. इतिहासात असते.