चाकावरचं घर

हल्ली मोटारीतच पलंग, शेगडी, मोरी घेऊन लोक हिंडतात. लॉजचा खर्च वाचतो, चांगलं आहे. पण असलं घर साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर नेऊन रात्रभर उभं करायचं आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचं, हे मला पटत नाही.

तिथं खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर. शेतकरी असली जमीन फुकटसुद्धा घेणार नाही. पण त्या नापीक मातीवरच साडेआठशेच्या वर जातींची फुलझाडं नांदतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं ते उगाच नाही. सीतेची आसवं, दवबिंदू तर किडे खाऊन जगतात, कारण मातीत नत्रच कमी. तिथं तुमच्या मोरीचं खरकटं पाणी सांडलं म्हंजे खतच पडलं की! शेतात खत टाकलं तर आधी तण माजतं, हे कुठल्याही कुणब्याला विचारा. ओल्या मातीवरनं चाक गेलं तर ती दाबून बसते, तिथं नांगर कोण घालणार?

फुलं वाचवायला तिथं तारेचं कुंपण घातलं, गुरं अडवली. गवत माजून फुलं घटली अशी ओरड झाली, तेव्हा कुंपण काढावं लागलं. चरणारं जनावर नको, पण मुक्कामाला मोटार चालते, हा कुठला न्याय?

गाडी खाली लावा, रात्र गावात काढा, वर पायवाटेनं हिंडा. घराला चाकं लावता येतात. मोरी कुठं सोडायची ही अक्कल मात्र घरधन्यालाच पाहिजे.