बक्षीस मुंबईत जाहीर करा, परीक्षा तुळजापुरात घ्या

तुळजापूर तालुक्यात विजेची टंचाई आहे, हे विधान रात्री आठला खरं असतं आणि दुपारी बाराला खोटं. जिल्ह्यातल्या माळांवर सौर पॅनेल पसरली आहेत, बालाघाटाच्या कडेनं पवनचक्क्या फिरताहेत. पण ऊन दुपारचं, आणि वारा जोर धरतो जून ते सप्टेंबरात, म्हणजे पाऊस बरा असेल तर कुणाला मोटार लावायची गरज नसते तेव्हा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनं शेतीला दिवसा वीज देण्याचा मार्ग धरला, ते चांगलंच झालं. ज्यांनी कडाक्याच्या थंडीत रात्री दोनला उठून हरभऱ्याला पाणी दिलंय, त्यांना याची किंमत कळते. पण संध्याकाळचं काय? घरं, दुकानं, नवरात्रात रात्रभर जागं असलेलं हे गाव, या सगळ्यांना सूर्य मावळल्यावरही वीज लागते आणि ती आजही मुख्यतः कोळशावरच येते.

दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची, एवढंच काम आहे. सरकार त्यावर पैसा ओतत नाही असंही नाही. 2021 च्या मे महिन्यात केंद्रानं बॅटरीचे कारखाने उभे राहावेत म्हणून 18,100 कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर केली. 50 गिगावॅट-तासांच्या उद्दिष्टापैकी प्रत्यक्षात आजवर थोडासाच भाग उभा राहिला. सप्टेंबर 2023 मध्ये 4,000 मेगावॅट-तासांच्या साठवण प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत मदत देण्याचं ठरलं, त्यात केंद्राचा वाटा 3,760 कोटींचा. पहिली योजना कारखानदाराला पैसे देते, दुसरी प्रकल्प उभारणाऱ्याला. ज्याच्या डोक्यात वेगळीच साठवण आहे पण ज्याच्याकडे कारखाना नाही, त्याच्यासाठी या दोन्हींत जागा नाही.

अशा माणसासाठी सरकारांनी पूर्वी बक्षिसं लावली आहेत. ब्रिटिश संसदेनं 1714 मध्ये समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी 20,000 पौंड ठेवले. जॉन हॅरिसन या सुतारानं त्यासाठी घड्याळ बनवलं, आणि पुढची अनेक वर्षं परीक्षक मंडळाशी भांडण्यात घालवली. मंडळावर खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचा जीव चंद्रावरून रेखांश काढायच्या गणितात अडकला होता. शेवटी 1773 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राजानं मध्ये पडल्यावर संसदेनंच त्याला पैसे दिले. बक्षीस लावणं सोपं, ते देणं अवघड, हा धडा आपल्याकडच्या समित्यांचा अनुभव असलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

बॅटरीच्या बाबतीतला प्रस्ताव अलीकडचा आहे. 2008 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी मोटारीच्या उत्तम बॅटरीसाठी 30 कोटी डॉलरचं बक्षीस सुचवलं, दर अमेरिकन माणसामागे एक डॉलर. ते हरले, बक्षीस राहून गेलं. आणि गंमत अशी की पुढच्या दीड दशकात लिथियम बॅटरीची किंमत बक्षिसाविना सुमारे 90 टक्क्यांनी उतरली. चीननं प्रचंड कारखाने काढले, गाड्यांची मागणी वाढली, भाव पडला. आपल्याकडच्या निविदांतही तेच दिसलं. 2022 मध्ये साठवणीचा दर मेगावॅटला महिन्याला 10 लाख 84 हजार रुपये होता, तो 2025 पर्यंत अडीच लाखांच्या खाली आला.

मग बक्षीस हवं कशाला? हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. माझं उत्तर असं, की बाजार त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकासाठी काम करतो. ते गिऱ्हाईक मोटारवालं आहे. त्याला हलकी, झटपट भरणारी बॅटरी हवी. तुळजापूरच्या उपकेंद्रात बॅटरी कितीही जड असली तरी चालते, ती कुठे पळवायची नाही. इथे प्रश्न वेगळे आहेत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. उष्णतेनं लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं, म्हणून तिला थंड ठेवायला वातानुकूलन लावावं लागतं आणि साठवलेली थोडी वीज त्यातच जाते. धूळ आहे, व्होल्टेजचे झटके आहेत, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला कंपनीचा माणूस कुठल्या गावाहून येणार हा प्रश्न आहेच.

बक्षिसाचा चांगला नमुना आपल्या राज्यातच झाला आहे, साठवणीचा नाही तर एसीचा. भारत सरकारचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग आणि इतर भागीदारांनी नोव्हेंबर 2018 मध्ये ग्लोबल कूलिंग प्राइझ जाहीर केलं. अट होती, हवामानावरचा परिणाम नेहमीच्या एसीच्या एक पंचमांश आणि किंमत दुपटीच्या आत. अंतिम आठ संघांना यंत्र बनवण्यासाठीच प्रत्येकी दोन लाख डॉलर मिळाले. मग ती यंत्रं डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीत, खऱ्या सदनिकांमध्ये, खऱ्या दमट हवेत चालवून पाहिली. एप्रिल 2021 मध्ये ग्री आणि डायकिन यांचे संघ जिंकले. आपल्या गोदरेजचा संघ अंतिम आठांत होता. यातली आगाऊ रक्कम आणि प्रत्यक्ष जागेवरची परीक्षा या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

तेव्हा राज्यानं बक्षीस लावावं. केंद्राच्या त्या 3,760 कोटींचा एक टक्का, म्हणजे 37-38 कोटी, पुरेसे आहेत. अट अशी, की तालुक्यातल्या एका उपकेंद्रात एक मेगावॅट वीज सहा तास द्यायची, लागोपाठ दोन उन्हाळे. हिशेब बाहेर पडलेल्या प्रत्येक युनिटचा. वातानुकूलनाची वीज त्यातून वजा. आयटीआय झालेल्या इथल्या वायरमनला दुरुस्ती जमली पाहिजे. निकाल मीटर देईल, समिती नाही. साठवण कशात करायची ते मात्र सांगू नका. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या केपीआयटी आणि आयसर यांनी सोडियम बॅटरी दाखवली, ती येऊ द्या. पाण्यात साठवणारे येऊ द्या. घाटघरला पाणी वर चढवून वीज साठवणारा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे, उजनीला 12 मेगावॅटचा छोटा संच आहे. बोरी नदीचं पाणी अडवून नळदुर्गात पाणी महाल बांधणाऱ्यांच्या तालुक्यात ही कल्पना परकी वाटू नये.

जिंकणाऱ्याला निव्वळ धनादेश आणि शाल-श्रीफळ देऊन पाठवू नका. त्याची साठवण आणखी काही उपकेंद्रांसाठी विकत घेण्याची हमी आधीच लिहून द्या, नाहीतर ती प्रदर्शनाच्या मांडवातच राहील. ऊर्जा विभागाला नवा कायदा करायची गरज नाही. एक शासन निर्णय, महावितरणचं एक उपकेंद्र आणि दोन उन्हाळे थांबायची तयारी, इतकंच लागेल.