चौशिंग्याचे पाडस घरी आणू नये
डोंगराकडील रानात चौशिंग्याचे पाडस एकटे आढळले की, ते पोरके समजून घरी आणण्याचा मोह अनेकांस होतो. आमच्या मते ही दया अस्थानी होय. आई पिलास झाडोऱ्यात दडवून चरावयास जाते व बहुधा परत येते. चौशिंगा शेळीएवढा दिसला, तरी त्याचा आहार निवडक. कोवळी पाने, फुले, शेंगा व गळालेली फळे तो वेचून खातो. भाकरी वा धान्य एकदम पोटभर घातल्यास पोटात आम्ल वाढून तो दगावू शकतो. भर दुपारी सावलीत एकांती रवंथ करणाऱ्या या बुजऱ्या जनावरास कुत्र्यांचा व माणसांचा गलबला सोसवत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यास परवानगीवाचून बाळगणे गुन्हा आहे. ग्रामसेवकांनी हे गावोगाव समजावून द्यावे. पिलू तेथेच राहू द्यावे. जखमी असल्यास वन खात्यास कळवावे.