कात्री कोणाच्या हाती?

महिन्यातून एका रविवारी आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जुने चित्रपट पाहण्याचा कार्यक्रम असतो. सात-आठ माणसे, भिंतीवर ताणलेला पांढरा पडदा, मध्यंतराला पोहे-चहा आणि चित्रपट संपल्यावर रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या गप्पा, असा त्याचा ठरलेला क्रम. गेल्या खेपेस चित्रपटाच्या आधी परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र पडद्यावर झळकले आणि आमच्यातील एक निवृत्त प्राध्यापक घाईने म्हणाले, "थांबवा जरा. तो डाव्या कोपऱ्यातला त्रिकोण पाहिलात?"

आयुष्यभर शेकडो चित्रपट पाहूनही तो त्रिकोण माझ्या ध्यानी कधी आला नव्हता. प्राध्यापकांनीच खुलासा केला. काही भाग कापून मग चित्रपट मंजूर केला असेल, तर प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण करावी, अशी तरतूद १९८३ च्या नियमावलीत होती. काय कापले याची नोंद प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असे. आपल्यासमोर येणारा चित्रपट अपुरा आहे, हे सरकारनेच लिहून ठेवलेले असते. वाचणारा मात्र कोणी नसतो!

मग काय, त्या रात्री चित्रपट बाजूला राहिला आणि कात्रीचाच विषय निघाला.

या कात्रीचा जन्म परकीय राजवटीत झाला. चित्रपटासाठी १९१८ चा कायदा आला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून येथे मंडळे स्थापन झाली. पण साहेबाची ही दृष्टी महाराष्ट्राला त्याआधीच परिचित होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त महाभारताची कथा होती, तरी कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. १९२१ च्या 'भक्त विदुर' या मूकपटाचे हेच झाले. कोहिनूर कंपनीच्या या चित्रपटात द्वारकादास संपत यांनी रंगवलेला विदुर खादीची टोपी घालून गांधीजींसारखा दिसला आणि कराची व मद्रास येथे त्यावर बंदी घालण्यात आली. पुराणकथेच्या आडून काय बोलले जात आहे, हे प्रेक्षकांइतकेच सरकारलाही नेमके कळत होते.

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा अनुभव तर मराठी माणसाने विसरू नये असा आहे. १९२९ साली स्थापन झालेल्या या कंपनीने शिवरायांवर मूकपट काढला. नाव ठेवले 'स्वराज्याचे तोरण'. छत्रपतींची भूमिका स्वतः व्ही. शांताराम यांची. पण १९३० चे साल, देशभर सविनय कायदेभंग सुरू, आणि 'स्वराज्य' हा शब्द भिंतीभिंतींवर जाहिरातीतून झळकणार! मंडळाला तो सहन झाला नाही. चित्रपट अखेर 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित झाला. पाच वर्षांनी पुन्हा तोच प्रकार. संत एकनाथांच्या जीवनावरील चित्रपटाचे नाव होते 'महात्मा', प्रमुख भूमिकेत बालगंधर्व. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना पोटाशी धरणाऱ्या नाथांना सोळाव्या शतकातून उचलून थेट १९३५ च्या राजकारणात बसवणारे ते नाव मंडळाला खुपले आणि चित्रपट 'धर्मात्मा' झाला. नाथांना 'महात्मा' म्हणण्यासही सरकारची परवानगी लागावी, यापरते पारतंत्र्याचे दुसरे लक्षण कोणते?

गंमत अशी की, याच काळात पडद्यावरील चुंबनाला फारशी आडकाठी नव्हती. १९३३ च्या 'कर्मा'मधील देविकाराणी आणि हिमांशु राय यांचे चुंबन आजही जुन्या रसिकांच्या चर्चेत असते. साहेबाला नीतीची चिंता नव्हती असे नाही, पण त्याहून मोठी धास्ती शब्दांची होती. आणि शब्दांनीच त्याला चकवलेही. १९४३ च्या 'किस्मत'मधील कवी प्रदीपांचे परक्यांना हाकलणारे गीत मंडळाच्या नजरेतून सुटले, कारण त्यात जर्मन आणि जपानी यांचा उल्लेख होता. महायुद्ध चालू होते. मंडळाला ते शत्रुराष्ट्रांविरुद्धचे गीत वाटले. चित्रपटगृहांतील प्रेक्षकांना मात्र 'परका' कोण हे सांगावे लागले नाही. अधिकाऱ्यांच्या ध्यानी प्रकार आला तेव्हा प्रदीपांना भूमिगत व्हावे लागले.

इथवर आमच्या बैठकीत सर्वांचे एकमत होते. परकीयांची कात्री वाईट, यावर कोण वाद घालणार? मतभेद सुरू झाला तो स्वातंत्र्यानंतरच्या गोष्टीवर.

१९५२ चा चित्रपट कायदा आपल्याच संसदेने केला, पण मागची मनोवृत्ती फारशी पालटली नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य दाखवणारा जेमतेम सोळा मिनिटांचा अनुबोधपट केला. मुंबईच्या वेश्यावस्तीतील काही दृश्ये काढा, असे त्यांना सांगण्यात आले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनेच्या चौकटीत बसते असे ठरवले. मात्र कलामूल्याला जपणारे, नेमके निकष असले पाहिजेत, असेही बजावले. अब्बास यांची डावी विचारसरणी आपल्यापैकी बहुतेकांना मान्य नाही, मलाही नाही. परंतु वास्तव दाखवल्याबद्दल सरकारशी भांडण्याचा त्यांचा हक्क नाकारायचा, तर तो आपणही गमावतो.

त्याची प्रचीती पाच वर्षांतच आली. गुलजार यांचा 'आँधी' १९७५ च्या आरंभी प्रदर्शित झाला, काही महिने चालला आणि आणीबाणी येताच पडद्यावरून उतरवला गेला. नायिकेत कोणाला तरी पंतप्रधान दिसल्या होत्या. १९७६ मध्ये किशोरकुमारांनी सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमांत सहकार्य करण्यास नकार दिला, तर त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून हद्दपार झाली. या उद्योगांचे तपशील १९७७ च्या प्रसारमाध्यमांविषयीच्या श्वेतपत्रिकेत नोंदलेले आहेत.

पण 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाचे जे झाले, त्याला तोड नाही. निर्माते अमृत नाहटा हे काँग्रेसचेच खासदार. सत्तेच्या राजकारणावरचा हा विडंबनपट १९७५ च्या एप्रिलमध्ये मंडळाकडे गेला. मुक्या 'जनता' नावाच्या स्त्रीच्या भूमिकेत शबाना आझमी होत्या. सरकारने एक्कावन्न हरकती काढल्या, आणीबाणीत चित्रपटाच्या प्रती आणि मूळ निगेटिव्ह ताब्यात घेतली आणि मग ती नाहीशीच झाली. गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात ती जाळण्यात आल्याचा आरोप होता. १९७९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सत्र न्यायालयाने संजय गांधी आणि माजी माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांना दोषी ठरवले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना मुक्त केले. तोवर दिल्लीतील सत्ता पालटली होती. निकाल निकाल आहे, त्यावर मी टिप्पणी करत नाही. पण तो मूळ चित्रपट पुन्हा कोणाला दिसला नाही, हे वास्तव कोणताही निकाल बदलू शकत नाही. नाहटांनी तो नव्याने काढून १९७८ मध्ये प्रदर्शित केला. आज लोक पाहतात तो हा दुसरा.

चर्चा इथवर आली असताना दारात एक तरुण कार्यकर्ता उभा होता. त्याच्या हातात निवेदनाचा कागद होता. येऊ घातलेल्या एका चित्रपटावर बंदी घालावी, अशी मागणी करणारे ते निवेदन. आमच्यापैकी तिघांनी लगेच सह्या केल्या. कागद अण्णांकडे आला. अण्णा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, आणीबाणीत मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात दीड वर्ष काढलेले. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"बाळ, चित्रपट पाहिलास का?"

"नाही अण्णा, अजून लागलाच नाही. पण त्यात आपल्या श्रद्धांचा अपमान आहे असं कळलंय."

"कळलंय म्हणजे कोणाकडून?"

तरुण गप्प झाला. अण्णा एवढेच म्हणाले, "येरवड्यात आम्हाला वर्तमानपत्रं मिळायची, त्यांतल्या बातम्या आधीच तपासलेल्या असायच्या. जे नाही ते वाचायला आम्ही तिथेच शिकलो. मी सही करत नाही. तू रागावू नकोस."

खोलीत काही क्षण अवघडल्यासारखे झाले. प्राध्यापकांनी अण्णांना विरोध केला. श्रद्धेची टिंगल हा व्यवसाय होऊन बसला आहे, एकाच समाजाच्या सहनशीलतेची परीक्षा वारंवार का घ्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. तो चुकीचा नाही. हिंदू देवतांविषयी जे पडद्यावर निर्धास्तपणे दाखवले जाते, ते इतरांच्या बाबतीत दाखवण्याचे धाडस होत नाही, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण या दुटप्पीपणावर उपाय म्हणून कात्रीची धार वाढवली, तर ती वापरणारा हात उद्या कोणाचा असेल, याची हमी कोण देणार? १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर 'ओरे ओरु ग्रामतिले' हा तमिळ चित्रपट आला होता. जातीनिहाय आरक्षणावर टीका करणारा, म्हणून त्याला विरोध. निदर्शने होतील, हिंसा होईल अशी भीती दाखवली गेली. निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा गळा घोटता येणार नाही, कायदा-सुव्यवस्था राखणे हे सरकारचे काम आहे, असे न्यायालयाने सुनावले. हा निकाल आज ज्यांना गैरसोयीचा वाटतो, त्यांनाच उद्या त्याची गरज पडेल.

लहान मुलांनी काय पाहावे यावर बंधन हवेच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयोगटांनुसार प्रमाणपत्राची सोय झाली, ही योग्य दिशा आहे. आईवडिलांना माहिती द्या, वय ठरवा, प्रौढांना त्यांचे ठरवू द्या. मात्र २०२१ मध्ये चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण रद्द करण्यात आले, ते मला खटकते. मंडळाशी मतभेद झाला तर निर्मात्याला आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. मोठ्या कंपनीला ते परवडते. चार मित्रांकडून पैसे गोळा करून मराठी चित्रपट काढणाऱ्या तरुणाला परवडत नाही. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून हे सांगायचे नाही, हे काही पत्रकारितेला शोभणारे नव्हे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कोणाचे लक्ष नाही. कापलेल्या तुकड्यांचे काय होते? मूकपटाच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले आज हाताशी आहेत ते मोजकेच. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले नसते, तर तेवढेही उरले नसते. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा अमूल्य ठेवा भस्मसात झाला. आग अपघात असते. कात्री मात्र विचारपूर्वक चालवली जाते, म्हणून तिचा हिशेब मागता येतो. सत्यजित राय यांच्या 'सिक्कीम' या अनुबोधपटावरची बंदी २०१० मध्ये उठली तेव्हा तो पाहता आला, कारण त्याच्या प्रती परदेशांत जपल्या गेल्या होत्या. आपल्या मंडळाने १९५१ पासून जे जे कापायला लावले, त्याच्या नोंदी आणि शिल्लक असतील ते तुकडे एकत्र करून अभ्यासकांना खुले करावेत. पन्नास वर्षांपूर्वी सरकारला कशाची भीती वाटत होती, हे त्या तुकड्यांइतके स्पष्ट दुसरे कोणते साधन सांगेल?

अण्णांनी परत केलेला कागद घडी करून त्या तरुणाने खिशात ठेवला. आधीच्या तीन सह्या त्यावर होत्या. निवेदन दिले की नाही, हे मी त्याला विचारलेले नाही. निघताना त्याने पुढच्या महिन्यात कोणता चित्रपट दाखवणार म्हणून चौकशी केली.

"धर्मात्मा," प्राध्यापक म्हणाले.

"मूळचा महात्मा," अण्णांनी दुरुस्ती केली आणि त्याला सहाच्या आत यायला सांगितले, कारण उशिरा येणाऱ्यांना पोहे उरत नाहीत.