जास्त मासळी म्हणजे जास्त कमाई नव्हे

शिरूर-दौंडच्या बैठकीत मासळीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण उजनीचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो, शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे. तिथे जाळी टाकणारी माणसे आपल्याच गावांतली आहेत आणि समुद्रावरच्या कोळ्याचा हिशेब तोच त्यांचाही आहे.

उसाला खताची पोती वाढवत गेलो तर आधी उतारा वाढतो. पुढे एक पोते असे येते, की त्याचा खर्चही निघत नाही. शहाणा शेतकरी तिथे थांबतो, कारण रान त्याचे असते. पाण्यात मात्र मी सोडलेला मासा दुसरा धरणार, म्हणून कोणीच थांबत नाही. होड्या वाढतात, जाळ्यांचे आस बारीक होतात आणि सगळा नफा खर्चात जिरेपर्यंत शर्यत चालते. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी हे १९५४ साली मांडले. शेफर यांच्या मासेवाढीच्या सूत्राशी ते जोडले, की निष्कर्ष सरळ निघतो: सर्वांत जास्त नफ्याची जागा सर्वांत जास्त उत्पादनाच्या अलीकडेच असते.

सरकार काय करते? डिझेलवर परतावा देऊन थांबण्याची जागा पुढे ढकलते, आणि मग २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालते. २०२३ साली पापलेटला राज्य मासा केले. बिरुदाने मासा वाढत नाही!

मर्यादा हवीच. पण ती मंत्रालयातल्या कागदावर ठरू नये. कॅनडात सरकारी तज्ज्ञांनी कॉड माशाचा अंदाज फुगवून धरला. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार मासा घटल्याचे सांगत होते, त्यांचे कोणी ऐकले नाही. १९९२ साली न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो घरांची चूल विझली. गणित खोटे नव्हते, त्यात भरलेले आकडे खोटे होते.

म्हणून आकडे आपल्या हातात हवेत. उजनी आणि घोडवरच्या प्रत्येक मच्छीमार संस्थेने रोजची वही ठेवावी: जाळी किती, तास किती, मासळी किती किलो, भाव काय, खर्च काय. वर्षभराची वही समोर ठेवून जाळ्याचा आस, होड्यांची संख्या आणि पावसाळ्यातल्या विणीच्या काळातली बंदी संस्थेनेच ठरवावी. शासनाने ती मोडणाऱ्याला आवरावे, एवढेच त्याचे काम.

या बैठकीत तसा ठराव व्हावा, अशी आमची सूचना आहे. ज्याचे पोट पाण्यावर आहे, हिशेबाची वहीही त्याच्याच हाती असली पाहिजे.