मशीन बरदैति

दिवाळीला मुलगा बंगळूरहून आला की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे डब्यातला कुंदा दुसऱ्या दिवशी संपतो. दुसरी म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नवीन येऊन बसतं. २०२५ च्या दिवाळीत त्यानं कॉमेट नावाचा ब्राउझर आणून बसवला.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, एवढं आता आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण हा नवा नुसती पानं दाखवत नाही. तो पान वाचतो, त्यातलं मुद्द्याचं सांगतो, पत्राचा मसुदासुद्धा करून देतो. मुलगा म्हणाला, "आई, धारवाडच्या काकूला कन्नडमध्ये पत्र लिहायचंय की नाही तुला? याला नुसतं सांग." मी मराठीत दोन वाक्यं सांगितली. चहा गाळून येईपर्यंत कन्नड पत्र तयार! एकही चूक नाही, कुठं खाडाखोड नाही. आमचे हे म्हणाले, "चला, तुमचं काम संपलं की!"

मी पत्र सावकाश वाचलं. छानच होतं. पण माझ्या कानात पंधरा वर्षांपूर्वीचं एक वाक्य घुमायला लागलं. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

माझं माहेर निपाणीचं. शाळा मराठी. कॉलेज देवचंद, म्हणजे घरातून निघायचं कर्नाटकात आणि तासाला बसायचं महाराष्ट्रात, कारण निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं ते कॉलेज अर्जुननगरला, कागल तालुक्यात आहे. आम्हा पोरींना त्यात काही विशेष वाटायचं नाही. लग्न होऊन मी बेळगावात शहापूरला आले. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, बैलहोंगलच्या. चौथीपर्यंत शाळा, तीही कन्नड. बाजारात भाजीवालीशी मराठीत भांडायच्या, पण वाचायच्या फक्त कन्नड. मी वर्षभरात कन्नड बोलायला शिकले. भाकरी थापता थापता जीभ आपोआप वळते. अक्षरं मात्र कधी शिकले नाही. देवळाची पाटी, बसचा फलक, अत्तींची पोथी, सगळं माझ्या दृष्टीनं नक्षीकाम! पंचवीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, पण त्या बाईला वाचता येईल अशी एक ओळ मी कधी लिहिली नव्हती. हे मला सलायचं. कोणाला बोलून दाखवलं नाही एवढंच.

२०१० च्या जुलैमध्ये एपिक नावाचा ब्राउझर निघाला. तो निघाला बंगळूरला. हिडन रिफ्लेक्स नावाच्या कंपनीनं केलेला, तिचे संस्थापक आलोक भारद्वाज. पाया फायरफॉक्सचा, म्हणजे मोझिलाचा होता आणि त्यावर यांनी आपला संसार मांडलेला. भारतातला पहिला ब्राउझर म्हणून पेपरात बातम्या आल्या. तोवर आम्ही इंटरनेट एक्सप्लोररलाच इंटरनेट समजत होतो. २००४ मध्ये फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम आला, ते आमच्या घरापर्यंत मुलाच्या बोलण्यातून पोचले होते तेवढेच.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. मुलगा सुटीला येताना पेन ड्राइव्हवर एपिक घेऊन आला. गणपतीसमोर आरास चाललेली आणि हा आतल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी. "आई, ये बघायला."

पहिल्यांदा नजरेत भरली ती डाव्या अंगाची उभी पट्टी. तिथं बातम्या, क्रिकेट, फेसबुक, व्हायरस तपासायची सोय, लिहायची वही, सगळं एकाखाली एक. आमच्या गणपत गल्लीत सणाच्या आदल्या दिवशी जशी दुकानं रस्त्यावर येतात तसं. ब्राउझरला कपडेही बदलता यायचे, आणि ते कपडे भारतीय चित्रांचे. मला बरं वाटलं, पण खरं सांगायचं तर आमचा पडदा लहान, त्या पट्टीनं त्यातली जागा खाल्ली. मी म्हटलं, "एवढं सामान कशाला रे?" मुलगा हसला. "सामान राहू दे. हे बघ."

त्यानं भाषांची यादी उघडली. १२ भारतीय भाषांत टाइप करायची सोय होती. एकाच यादीत कन्नड आणि मराठी! मराठीवर टिचकी मारली, इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे माझं नाव लिहिलं, ते देवनागरीत उमटलं. कन्नडवर टिचकी मारली, तेच नाव पुन्हा लिहिलं आणि पडद्यावर नक्षीकाम उमटलं. माझं नाव कन्नडमध्ये कसं दिसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

आजच्या पोरांना यात काय मोठं, असं वाटेल. पण त्याआधीची दशा आठवा. मराठी मजकुराला श्रीलिपी नाहीतर शिवाजी फाँट, कन्नडला बरह आणि नुडी. एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की पडद्यावर भुताची भाषा. विंडोज एक्सपीत मराठीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा हे फाँट होते, पण भारतीय लिप्या नीट दिसायला आधी सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मग सीडी घालायची. एका सायबर कॅफेत मी मराठी पान उघडलं तर चौकोनच चौकोन. मालक म्हणाला, "वैनी, इंग्लिशमध्येच बघा की."

आणि आपल्या भागात भाषा म्हणजे नुसती भाषा कुठं असते? १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या गल्लीत काळा दिवस. पाटी कुठल्या भाषेत आणि केवढ्या अक्षरांत, यावरून दगड पडलेले आपण पाहिलेत. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गावाचं नाव २०१४ मध्ये सरकारी कागदावर बेळगावी झालं, आमच्या तोंडात बेळगावच राहिलं. त्या सगळ्यात ही यादी पाहून मला गंमत वाटली. दोन्ही भाषा शेजारीशेजारी, आणि तू कुठल्या बाजूची असं विचारणारं कोणी नाही.

अत्ती तेव्हा धाकट्या दिरांकडे धारवाडला गेल्या होत्या. मुलगा परत गेल्यावर एका दुपारी मी एकटीच बसले आणि त्यांना पत्र लिहिलं. दहा ओळींना दीड तास लागला. तुळशीला पाणी घालते, तुमच्या पोथीवरची धूळ पुसते, गुडघा कसा आहे, ऊट आय्ता? शेवटी लिहिलं, येणाऱ्या माणसाबरोबर तोगरी बेळे पाठवते, म्हणजे तुरीची डाळ. ईमेल दिरांना केली, पुतण्यानं कागदावर छापून अत्तींच्या हातात दिली.

संध्याकाळी फोन. आधी बराच वेळ नुसतं हसणं. मग अत्ती म्हणाल्या, "बेले कळसब्याड, ब्याळी कळसु!" किंमत पाठवू नकोस, डाळ पाठव!

झालं होतं असं. कन्नडमध्ये एकार दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीत एकच. ऱ्हस्व एकाराचं बेले म्हणजे किंमत. ऱ्हस्व एकाराचंच, पण ळ घालून बेळे म्हटलं की पीक. दीर्घ एकाराचं बेळे म्हणजे डाळ, जिला बोलताना आपण इकडे ब्याळी म्हणतो. मी इंग्रजीतला साधा ई आणि साधा एल दाबून मोकळी झाले, आणि अत्तींना तुरीची किंमत पाठवायचं कबूल करून बसले. चूक ब्राउझरची नव्हती. मराठी कानाची होती.

हसणं थांबल्यावर अत्ती जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छलो बरदैति. मशीन बरदैति. नी यावाग बरीती?"

चांगलं लिहिलंय. मशीननं लिहिलंय. तू कधी लिहिणार?

त्यात टोमणा नव्हता. पण मला तो शब्द लागला. खरंच, कागदावर कन्नड होतं, माझ्या बोटांत नव्हतं. छापून आलेलं पत्र माझं मलाच वाचता येत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या पोराची पहिलीची कन्नड अंकलिपी मागून आणली. आणि लक्षात आलं की मी इतकी वर्षं उगीच घाबरत होते. क ख ग घ, च छ ज झ, क्रम तोच! अक्षरं तेवढी गोल. पुढं मुलानं सांगितलं की कॉम्प्युटरच्या आतसुद्धा हाच हिशेब आहे. जगातल्या लिप्यांची जी युनिकोड नावाची वही आहे, तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ घरं, कन्नडला १२८ घरं, आणि मांडणी १९८८ च्या भारतीय प्रमाणावरून घेतलेली, म्हणून एकाच क्रमानं. शून्यापासून मोजलं तर देवनागरीचा क २१ व्या घरात, कन्नडचा कसुद्धा आपल्या ओळीत २१ व्याच घरात. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तर दोन्ही क एकाच बटणावर. सीमेवर आपण काहीही करत असू, आतल्या वहीत ही दोन घरं समोरासमोर आहेत.

सहा महिन्यांनी अत्ती परत आल्या तेव्हा मी त्यांना वाण्याची यादी हातानं लिहून दाखवली. तोगरी बेळे, दीर्घ एकारासह. त्यांनी चष्मा लावून वाचली, ळ जरा सरळ करून दिला आणि यादी पोथीत ठेवली. सामान मग तोंडी सांगून आणावं लागलं. २०१४ मध्ये अत्ती गेल्या. यादी अजून पोथीत आहे.

एपिकचं पुढं काय झालं? २०१३ मध्ये त्यानं कात टाकली. फायरफॉक्सचा पाया सोडून क्रोमियमचा घेतला, आणि सगळा भर आपली माहिती दुसऱ्यांच्या हाती जाऊ न देण्यावर दिला. ती गजबजलेली पट्टी गेली. आमच्या घरातूनही तो गेला. इंटरनेट एक्सप्लोररलासुद्धा २०२२ मध्ये निरोप मिळाला. आज फोनमध्ये दोन्ही भाषांचे कीबोर्ड असतात, बोललं तरी लिहून येतं. तरी आमची मुलं कन्नड असो की मराठी, इंग्रजी अक्षरांतच लिहितात! सोय नव्हती तेव्हा रडलो. सोय आली तेव्हा सवय गेलेली.

तर नव्या ब्राउझरबद्दल माझं मत काय? कामाचा आहे. बँकेचं लांबलचक पत्र समजून घ्यायला मी तो वापरते. पण धारवाडचं पत्र मी छापून घेतलं आणि खाली पेनानं चार ओळी स्वतः लिहिल्या. अक्षर वाकडं, एक जोडाक्षर चुकलेलं.

जाऊबाईंचा फोन आला. "अक्का, वरचं पत्र फार छान आहे हो. पण खालचं वाचल्यावर कळलं, तुम्ही लिहिलंय."

मुलगा जवळच बसला होता. मी अंकलिपी शोधून त्याच्यापुढं ठेवली. अजून त्यानं उघडलेली नाही. पण बंगळूरला जाताना बॅगेत घातली, हे मी पाहिलंय.