ज्ञान दप्तरात, रोग दारात

प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला. मुंबईत हाफकिन यांनी १८९७ साली लसही सिद्ध केली. तरीही १९९४ च्या सप्टेंबरात त्याच रोगाच्या भयाने लाखो लोकांनी सुरत सोडली! ज्ञान होते, त्याचा विनियोग नव्हता. १९९५ साली आयुक्तपदी आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी गल्लीबोळांत धाडले, रुग्णालयांकडून आजारांची दैनंदिन माहिती मागविली आणि निर्णयाचे अधिकार विभागांकडे सोपविले. १९९६ साली ‘इंटॅक’ संस्थेने स्वच्छतेत चंदीगढखालोखाल सुरतेलाच मान दिला. विकसनशील देशाला दप्तरात कोंडलेले ज्ञान परवडणारे नाही. आमच्या किनारपट्टीवरील नगरपालिकांनी हा धडा साथीची वाट न पाहता गिरवावा, एवढेच आमचे मागणे आहे.